मोजून पाणी

मुकादम कच्च्या विटांच्या थप्पीवर बसला आणि त्याला उठता येईना. सकाळचे नऊ वाजले असतील. विटा आदल्या दिवशीच्या, अजून ओल्या. त्याच्या भारानं वरच्या दोन ओळी दबल्या. हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आता तो नुसता बसून राहिला, हात मांड्यांवर ठेवून, चिखलात रुतलेल्या स्वतःच्या पायांकडे बघत. पाय सुजून खांबासारखे झाले होते.

भट्टी त्याची स्वतःची होती. तरुणपणी तो दुसऱ्याच्या भट्टीवर मुकादम होता, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. यंदा नदीचं पाणी उशिरा ओसरलं, माती उशिरा मिळाली, भट्टी रचायला महिनाभर उशीर झाला. त्या घाईत त्यानं आपलं दुखणं कुणाला दिसू दिलं नव्हतं. सकाळी पापण्या सुजलेल्या असत. जेवण पुढ्यात आलं की उमासे येत. अंगाला खाज सुटली की तो भट्टीच्या भिंतीला म्हशीसारखी पाठ घासायचा आणि कुणी बघितलं तर त्याच्यावर खेकसायचा.

थोरली त्याची सून. मोठ्या मुलाची बायको म्हणून थोरली. मुलगा जाऊन चार वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं. ती साच्यात चिखल थापत होती. तिनं हात पुसले, जवळ येऊन त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. असा खड्डा तिनं पूर्वी एकदा पाहिला होता, दुसऱ्याच्या पायावर.

"उठा आबा," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"भट्टी रचायची आहे."

"भट्टी कुठं पळून जात नाही."

विटांच्याच टेम्पोत घालून तिनं त्याला आरोग्य केंद्रात नेलं. तिथं वर्षभरापासून दर बुधवारी मूत्रपिंडाच्या आजाराची टीम यायची. चौघं एका लांब टेबलामागं बसत. डॉक्टरीणबाई मधे, तिच्या डाव्या हाताला सिस्टर, उजव्या हाताला आहाराच्या मॅडम आणि टोकाला औषधांचं बघणारे, ज्यांना सगळे गोळ्यांचे भाऊ म्हणत. पेशंट एकाकडून दुसऱ्याकडे धाडायचा नाही, चौघांनी मिळून त्याचं ऐकायचं आणि एकाच कार्डावर लिहायचं, अशी त्यांची पद्धत. टेबलासमोर दोन खुर्च्या. एक पेशंटची, एक घरात त्याचं बघणाऱ्याची.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईनं सरळ सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून अठरा टक्के काम करतायत. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं जपायचं. जपलं तर डायलिसिस दोन-तीन वर्षं लांबेल, नाही जपलं तर दोन-तीन महिन्यांत मशीनला लागावं लागेल.

"घरी यांचं कोण बघेल?" सिस्टरनं विचारलं. "मीठ, पाणी, गोळ्या, रोजचं वजन. एकच माणूस हवा. दहा जणांनी बघितलं की कुणीच बघत नाही."

मुकादम म्हणाला, "बायको आहे."

पण बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला उजेड कळायचा आणि माणसाचा आकार कळायचा, कार्डावरचे आकडे कुठून दिसणार. धाकटा मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी.

"मी बघते," थोरली म्हणाली.

ती इतक्या पटकन म्हणाली की आहाराच्या मॅडमनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सिस्टरनं दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं. थोरली बसली. सासऱ्याच्या बरोबरीनं खुर्चीवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिनं पदर तोंडाशी धरला.

चार वर्षांपूर्वी याच आरोग्य केंद्रात तिचा नवरा आला होता. तेव्हा टीमबीम नव्हती, एकटा तरुण डॉक्टर होता. नवरा लहानपणापासून भट्टीवर राबलेला. मुकादमाचा नियम असा की ओळ संपल्याशिवाय पाण्याला जायचं नाही. एक जण गेला की चौघांना तहान लागते, असं तो म्हणायचा. ओळ म्हणजे तीनशे विटा. हा नियम मजुरांना होता तसाच मुलालाही होता, उलट मुलाला जास्तच, कारण लोक बघतात. त्या वर्षी नवऱ्याची लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली आणि पाय सुजले. डॉक्टरनं रक्त बघून कागद लिहून दिला: उन्हातलं काम ताबडतोब बंद, लगेच मोठ्या रुग्णालयात दाखल करा. मुकादमानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "भट्टी पेटलीय. उतरली की जाऊ."

थोरली रोज सकाळी विचारायची, "आज जायचं का?" मुकादम म्हणायचा, "उद्या बघू." नवरा बापापुढं तोंड उघडणारा नव्हता. शेवटी शेवटी तो भट्टीच्या सावलीला बसून राहायचा आणि बाप येताना दिसला की उठून फावडं हातात धरायचा. एके दुपारी त्याला झटका आला आणि टेम्पो अर्ध्या वाटेत असतानाच तो गेला.

भेटायला येणाऱ्यांना मुकादम सांगायचा, "पहिल्यापासून नाजूकच. मी म्हणत होतो दवाखान्यात जा, जा. ऐकेल तर शपथ." पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा थोरली पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तांब्या ठेवून ती आत गेली. संध्याकाळी मुकादमानं तिला अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं. "तुझ्या सासूला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "ती ते सोसायची नाही. एक गेलाय, दुसरी जाईल." थोरली बोलली नाही. पहिलं वर्ष सासूखातर, पुढं सवयीनं. कपडे धुताना त्याच्या सदऱ्याच्या खिशात तो कागद सापडला, तो मात्र तिनं आपल्या ट्रंकेत तळाला ठेवला.

आता त्याच माणसाचं पाणी तिच्या हातात आलं होतं.

दिवसाला नऊशे मिली. डॉक्टरीणबाईनं तसं कार्डावर लिहिलं, चहा-दूध धरून. थोरलीनं एक बाटली आणली, तिच्यावर खिळ्यानं रेघा मारल्या. रांजणावर झाकण घातलं आणि झाकणावर दोन पक्क्या विटा ठेवल्या. त्या उचलायचं त्राण मुकादमात उरलं नव्हतं. मीठ डब्यात गेलं, डबा तिच्या ट्रंकेत गेला. बटाटे चिरून ती दोनदा पाण्यात उकळायची आणि दोन्ही वेळा पाणी ओतून द्यायची, मग उरलेला चोथा त्याच्या ताटात वाढायची. केळी घरात येणं बंद झालं. खारवलेला मासा त्याचा जीव की प्राण. तो तिनं शेजारी देऊन टाकला आणि त्याच्या देखत दिला.

"मला जनावराचं घालतेस," मुकादम म्हणाला.

"मी नाही घालत. मॅडमनी लिहून दिलंय."

"ही चांडाळचौकडी मला मारणार."

"त्यांना सांगू का असं?"

त्यानं ताट भिरकावलं. तिनं शांतपणे चोथा गोळा केला, मोजला आणि कार्डावर लिहिलं: दुपारी जेवण नाही.

रोज सकाळी ती त्याला उघड्या अंगानं काट्यावर उभं करायची. तो थरथरायचा, काट्यावरचा आकडा ठरेपर्यंत ती मुद्दाम सावकाश बघायची. मग पाय दाबायची. मग लघवीचं भांडं उजेडात धरायची. भट्टीवरचे मजूर अंगणातून जात-येत असत, आणि ज्या माणसानं त्यांच्याकडून तीस वर्षं वीट मोजून घेतली तो सुनेपुढं लघवी मोजून देताना त्यांना दिसायचा. एकदा एक म्हातारी मजूरबाई कुंपणापाशी थांबून म्हणाली, "मुकादम, ओळ पुरी झाली का?" त्यानं भांडं खाली ठेवलं. थोरली हसली नाही. तिनं ते दिवसभर पुरवून पुरवून आठवलं.

दुपार त्याला सगळ्यात जड जायची. ऊन तापलं की जीभ टाळ्याला चिकटायची. तो बाटलीकडे बघायचा आणि बाटली तिच्या हाताशी असायची.

"घोटभर दे."

"तीनला."

"किती वाजलेत?"

"दोन."

मग ती साच्यात चिखल भरायला लागायची, त्याच्यासमोरच, आणि दोनाचे तीन होईपर्यंत उठायची नाही.

टीम तिच्यावर खूश होती. सूज उतरली, रक्तदाब खाली आला. आहाराच्या मॅडम म्हणाल्या की असं कार्ड त्यांनी वर्षात पाहिलं नाही. गोळ्यांचे भाऊ म्हणाले, "यांच्यासारखी चार माणसं मिळाली तर आम्ही घरी बसू." डॉक्टरीणबाईनं मुकादमाला सांगितलं, "अशी सून मिळाली आहे तुम्हाला, नशीब समजा." मुकादमानं खाली बघितलं. आणि थोरलीनं त्याच वेळी सांगून टाकलं की परवा आबांनी शेजारी जाऊन खारा मासा खाल्ला. मग डॉक्टरीणबाई त्याला बोलली, चांगली दहा मिनिटं, शाळेतल्या पोराला बोलावं तशी. आणि ज्याच्यासमोर आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती तो माणूस "हो बाई, हो बाई" करत राहिला. घरी येताना टेम्पोत थोरलीच्या पोटात ऊब होती.

सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईनं पाणी वाढवलं. मुकादम तेव्हा पडद्यामागं सिस्टरकडं दाब मोजून घेत होता.

"सूज गेली, आणि ऊनही वाढलंय," बाई थोरलीला म्हणाली. "आता नऊशे पुरायचं नाही. तेराशे द्या, आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या. वजन चौसष्टच्या खाली जायला लागलं तर लगेच फोन करायचा, लघवीची गोळी कमी करावी लागेल. कोरडं पडलेलं मूत्रपिंडही मरतं, पाण्यानं भरलेलं मरतं तसंच. कळलं ना?"

"कळलं."

बाईनं कार्डावर लिहिलं. थोरलीनं ते वाचलं, घडी घातली, पदरात खोचलं. घडी घालताना तिच्या हाताला काहीतरी ओळखीचं वाटलं, पण ती थांबली नाही.

घरी आल्यावर तिनं मुकादमाला काहीच सांगितलं नाही. बाटलीवर नवी रेघ मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नऊशेच दिलं, तिसऱ्या दिवशीही. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. रोज सकाळी ती स्वतःला म्हणायची, उद्या सांगू.

वजन त्रेसष्ट झालं. बासष्ट झालं. ती ते खरं खरं लिहीत होती. आकडा बदलावा असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. कार्ड तिच्या हातचं होतं आणि त्यात खोटं लिहायला तिचा हात वळत नव्हता. फोन मात्र तिनं केला नाही. मुकादमाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. पायांत रात्रीचे गोळे यायचे ते आता दिवसाही यायला लागले. उठून उभा राहिला की त्याला अंधारी यायची आणि तो भिंत धरायचा. आता तो पाणी मागायचाही नाही, नुसता बघायचा. सासू म्हणाली, "यांचा आवाज असा का येतोय गं, कागद चुरगळल्यासारखा?"

"उन्हानं, आत्या."

बाराव्या दिवशी सिस्टर घरभेटीला आली. तिनं ओसरीवर बसून कार्ड उघडलं, वजनांवरून बोट खाली आणलं आणि बोट एकसष्टवर थांबलं. मग तिनं मुकादमाचा दाब आधी झोपवून घेतला, मग उभं करून. उभं केल्यावर तो तिच्या अंगावरच आला.

"पाणी किती देता?" तिनं विचारलं.

"नऊशे," थोरली म्हणाली.

"इथं तेराशे लिहिलंय."

"हो."

"तुम्हाला वाचता येतं."

"येतं."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं रांजणावरच्या विटा उचलून खाली ठेवल्या, पाणी काढलं, मुकादमाला घोटघोट पाजलं आणि गाडी बोलावली.

दुपारी आरोग्य केंद्राच्या खाटेवर मुकादम पडला होता, हाताला सलाईन. त्या दिवशी बुधवार नव्हता तरी चौघंही आली होती. सिस्टरनं फोन केले होते. रक्त तपासून झालं होतं. अठराचे तेरा टक्के झाले होते.

"मी सांगितलं होतं तेराशे," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "काय झालं?"

मुकादमानं डोळे उघडले. "तिची काही चूक नाही," तो त्या चुरगळलेल्या आवाजात म्हणाला. "ती देत होती. मळमळायचं म्हणून मीच पीत नव्हतो."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. सुनेनं आपल्याला पाण्यावाचून ठेवलं हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा त्याला खोटं बोलणं बरं वाटत होतं. आणि वर तिच्यावर उपकारही होत होते. इतक्या दिवसांत तिनं जे केलं होतं ते त्यानं एका वाक्यात पुसून टाकलं होतं.

"खोटं बोलतायत," ती म्हणाली. "मी दिलं नाही. वाचलं आणि दिलं नाही."

"का?" आहाराच्या मॅडमनी विचारलं.

तिनं पोलक्यातून कागद काढला. सकाळी गाडी यायच्या आधी तिनं तो ट्रंकेतून काढून घेतला होता. का घेतला ते तिलाही सांगता आलं नसतं. चार वर्षांच्या घडीनं तो मधोमध फाटत आला होता. तिनं तो खाटेच्या काठावर उलगडून ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रडली नाही. ओळीचा नियम सांगितला, काळ्या लघवीचं सांगितलं, फावडं धरून उभ्या राहणाऱ्या नवऱ्याचं सांगितलं. "हा कागद यांच्या खिशात होता," ती म्हणाली. "बावीस दिवस. मी यांना बाराच दिवस तहानेलं ठेवलं. अजून दहा राहिलेत."

गोळ्यांचे भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. सिस्टरनं मुकादमाला विचारलं, "खरं आहे का हे?"

सलाईनचे थेंब पडत होते.

"बावीस नाही," तो म्हणाला. "चोवीस. दवाखान्यात आला त्या दिवसापासून धर."

थोरली खाली बसली. तिला वाटलं होतं की तो नाकारेल, आणि नाकारल्यावर काय म्हणायचं ते चार वर्षं तिच्याजवळ तयार होतं. यानं मोजले होते, हे तिच्या तयारीत नव्हतं. राग कमी झाला नाही. उलट मोजून, ठाऊक असून घरच्या ओसरीवर हा चार वर्षं जेवत होता, या विचारानं तो जास्तच पेटला.

डॉक्टरीणबाईनं कागद उचलून वाचला, दोनदा. मग थोरलीला म्हणाली, "तुमच्याकडून हे काम मी काढून घेतेय. आजपासून. तुम्ही जे केलंत त्याला माझ्याकडे चांगलं नाव नाही. ते कार्डावर लिहीन आणि काय झालं तेही लिहीन." धाकट्याला फोन गेला, त्यानं ट्रक मालकाकडं लावून दोन दिवसांत येतो म्हटलं. तोवर सिस्टर सकाळ-संध्याकाळ येणार होती. सासूच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी होईल तेही टीमनं तिथंच बसून बघितलं.

"आणि एक," बाई मुकादमाकडे वळली. "तुमच्या भट्टीवरच्या प्रत्येकाचं रक्त मला बघायचंय. गेल्या वर्षी आम्ही आलो होतो. तुम्ही आम्हाला फाटकातून परत पाठवलंत, कामाचा खोळंबा होतो म्हणून."

मुकादमानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"या तुम्ही," थोरली म्हणाली. "टेबल मी मांडते. पण रक्त कशासाठी द्यायचं ते हे सांगतील. आपल्या तोंडानं, एकेकाला."

त्यानं डोळे मिटले. नाही म्हणाला नाही.

पुढच्या आठवड्यात टीम भट्टीवर आली. पत्र्याच्या सावलीत थोरलीनं टेबल मांडलं, शेजारी मुकादमाची खुर्ची. सलाईननं आणि पाण्यानं त्याच्यात थोडी धुगधुगी आली होती. धाकटा त्याला धरून घेऊन आला. एकतीस मजूर रांगेत उभे राहिले, हात चिखलाचे. थोरली मुकादमाच्या खुर्चीमागं उभी राहिली.

पहिल्या मजुराला मुकादम म्हणाला, "उन्हानं आणि पाणी कमी पडलं की मूत्रपिंड जातं. तपासून घे."

"कुणाचं गेलं ते सांगा," थोरली मागून म्हणाली.

"माझं गेलंय."

"आधी कुणाचं गेलं?"

मुकादमाचा कान लाल झाला. "माझ्या मुलाचं," तो म्हणाला. "डॉक्टरनं कागद दिला होता. मी चोवीस दिवस त्याला नेलं नाही."

मजूर हात पुढं करून उभा होता. सुई टोचली तेव्हा त्याचं लक्षच नव्हतं; तो मुकादमाच्या तोंडाकडे बघत होता. "बरं," तो म्हणाला आणि बाजूला झाला. मग दुसरी. मग तिसरा. दहाव्याला मुकादम "दोन-तीन आठवडे" म्हणाला, तेव्हा थोरलीनं "चोवीस" म्हणून दुरुस्त केलं. कुंपणापाशी थांबलेली ती म्हातारी मजूरबाई आली तेव्हा सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आम्हाला माहीत होतं, मुकादम. आम्ही रोज बघतच होतो की." आणि पुढं गेली. त्यानंतर त्याच्या हनुवटीला कंप सुटला. सिस्टर हळूच म्हणाली, "पुरे झालं आता, मी सांगते बाकीच्यांना." थोरली म्हणाली, "नाही."

एकतिसावा गेला तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. धाकटा बापाला उठवायला वाकला आणि तसाच थांबला. विटांच्या रचलेल्या भिंतीला हात लावत लावत सासू येत होती. रक्त तपासतायत हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. "मीही चाळीस वर्षं डोक्यावरून विटा वाहिल्यात," ती म्हणाली. "माझंही बघा." चाचपडत येऊन ती रांगेच्या जागी उभी राहिली, जिथं आता रांग नव्हती.

मुकादमानं मान वळवून थोरलीकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. "हिला नको," तो म्हणाला.

"रांगेत आहेत त्या," थोरली म्हणाली.

"काय नको?" सासूनं विचारलं.

त्यानं सांगितलं. तेच शब्द होते, एकतीस वेळा म्हणून झिजलेले, तरी मधे दोनदा अडकला. सासूचा हात सिस्टरच्या हातात होता. सुई आत गेली, रक्त नळीत चढलं, सुई बाहेर आली, कापूस लागला. सासू हलली नाही. तिला नवऱ्याचा आकार तेवढा दिसत असणार, खुर्चीएवढा, आणि त्याच्यामागं उभा असलेला दुसरा.

"तुला माहीत होतं?" तिनं त्या दुसऱ्या आकाराला विचारलं.

"हो, आत्या."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि मी चार वर्षं तुझ्यापुढं म्हणत राहिले, माझंच पोर हट्टी होतं. तू ऐकत राहिलीस."

एकतीस जणांना त्याला सांगायला लावताना थोरलीला जे समाधान मिळत होतं ते त्या क्षणी कुठं गेलं ते तिला कळलं नाही. सासूनं कापूस दाबून धरला आणि भिंत चाचपत परत निघाली. धाकटा तिचा हात धरायला धावला. तिनं तो झटकला.

तीन दिवस सासू घरात कुणाशी बोलली नाही. नवऱ्याच्या खाटेशेजारची आपली वळकटी उचलून तिनं कोठीत नेली. थोरलीनं वाढलेलं तिनं खाल्लं, पण तिच्या हातून घेतलं नाही. ताट खाली ठेवायला लावायची आणि मग ओढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी टीमकडून भट्टीचे रिपोर्ट आले. एकतीसपैकी नऊ जणांचं रक्त खराब होतं, त्यातले दोघं तिशीच्या आतले. थोरलीनं भट्टीवर पाण्याचे तीन रांजण मांडले आणि ओळीचा नियम मोडून टाकला. मुकादम ओसरीवरून बघत होता. त्यानं हरकत घेतली नाही. आता त्याला विचारतही कुणी नव्हतं.

बुधवारी सकाळी धाकटा मुकादमाला केंद्रात न्यायला निघाला तेव्हा सासू टेम्पोपाशी येऊन उभी राहिली. "मी येते," ती म्हणाली. "थोरले, तूही चल. तो कागद डॉक्टरांकडे आहे ना?"

टेबलासमोरच्या पेशंटच्या खुर्चीत मुकादम बसला. दुसऱ्या खुर्चीत सासू बसली. थोरली आणि धाकटा मागं उभे राहिले.

डॉक्टरीणबाईनं कार्ड उघडलं. "वजन सावरतंय," ती म्हणाली. "पण गेलेले पाच टक्के येणार नाहीत. मशीनची तयारी आता लवकर करावी लागेल. हाताची नस जोडून घ्यावी लागेल."

"ते करा काय करायचं ते," सासू म्हणाली. "मला दुसरं विचारायचंय. माझ्या मुलाचा कागद तुमच्याकडे आहे. तो वाचून सांगा. त्या दिवशी पोराला लगेच नेलं असतं तर?"

बाईनं पेन खाली ठेवलं. आहाराच्या मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, सिस्टरनंही.

"आजी, इतक्या दिवसांनी याचा काय—"

"मला दिसत नाही बाई, पण ऐकू चांगलं येतं. खरं सांगा."

बाईनं फाइलमधून कागद काढला. आता तो प्लास्टिकच्या पाकिटात होता. तिनं आकडे पुन्हा पाहिले, घाई न करता.

"शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी दाखल केला असता, तर या आकड्यांवर तो वाचला असता असं मला वाटतं. बहुतेक वाचला असता."

मागं धाकट्यानं श्वास ओढला. मुकादम समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत होता. सासूनं मान वळवून आपला चेहरा त्याच्या आकाराकडे केला.

"ऐकलंत?"

"ऐकलं," तो म्हणाला.

"थोरले, तूही ऐकलंस?"

"ऐकलं, आत्या."

सासूनं मान पुन्हा समोर वळवली. दोन्ही हात मांडीवर नीट ठेवले, बराच वेळ बसायला आलेल्या माणसासारखे.

"बाई," ती म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा. जरा मोठ्यानं."